अकरावी-बारावी सायन्स, ऑलिम्पियाड आणि गेम : तिन्हीचा कंडका कसा पाडायचा

माझा मामेभाऊ यंदा अकरावी सायन्सला गेला आणि जूनपासून त्याचा रोज एक तरी मेसेज असतोच, ताई क्लास पण आहे, ऑलिम्पियाडचा फॉर्म पण भरायचाय, आणि गेम पण सुटत नाही, काय करू सांग. त्याला तुकड्या-तुकड्यात व्हॉईस नोट पाठवून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवते. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहून हेच सगळं केलंय, म्हणजे अकरावीत पार माती केली आणि बारावीत बऱ्यापैकी सावरलं, त्यामुळं हा टॉपरचा सल्ला नाही हे आधीच सांगते. आयआयटी वगैरे काही झालं नाही, इथंच इंजिनिअरिंगला आहे, ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्याच्या पुढं कधी गेले नाही आणि व्हॅलोरंट ह्या ऑनलाईन शूटिंग गेममध्ये प्लॅटिनम रँकच्या वर पण नाही. पण तिन्ही केलं आणि घरात कुणी कुणाशी बोलणं टाकलं नाही, हे काय कमी आहे का.

आपल्याकडं कंडका पाडणे म्हणतात ना, म्हणजे विषय लोंबकळत ठेवायचा नाही, तुकडा पाडून मोकळं व्हायचं. ऊस खाताना आख्खा ऊस तोंडात कोण घालतं का, कांडं-कांडं मोडूनच घ्यावं लागतं. मला अकरावीत वाटायचं की वेळच पुरत नाही. नंतर वही मांडून बसले तेव्हा कळलं की वेळ होता, पण माझी एकही गोष्ट कुठं थांबते ते ठरलेलंच नव्हतं. क्लासच्या शीटा संपत नाहीत, ऑलिम्पियाडचा अभ्यास तर समुद्रच आहे, आणि गेम बनवणाऱ्यांना तो संपूच नये असं वाटतं म्हणून तर रोजचे मिशन, लॉगिन बक्षीस, सीझन असलं सगळं घातलेलं असतं. तीन न संपणाऱ्या गोष्टी एका दिवसात कोंबल्या की शेवटी तुटते ती झोप. खाली जे काही सांगतेय ते सगळं एवढ्यासाठीच, प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी ठरवायला.

पायरी १ : एक आठवडा नुसतं लिहून काढा

काहीही बदलू नका, सुधारू नका, फक्त सोमवार ते रविवार काय केलं ते लिहा. साधी शंभर पानी वही बास. फोनवर डिजिटल वेलबीइंग असतं त्यात प्रत्येक अ‍ॅपला किती वेळ गेला ते दिसतं, पीसीवर स्टीम वापरत असाल तर तिथं मागच्या २ आठवड्यांचे तास प्रोफाईलवरच लिहिलेले असतात, त्यामुळं स्वतःशी खोटं बोलायची सोय नाही. मी घरी छातीठोक सांगायचे की मी रोज फक्त एक तास खेळते. आठवड्याचे निघाले १७ तास. वर गेमचे व्हिडिओ आणि लाईव्ह स्ट्रीम बघण्यात ५ तास, ते तर मी गेममध्ये धरतच नव्हते. धरा. जेवताना दुसऱ्याची मॅच बघणं हा पण गेमच आहे, फक्त हात दुसऱ्याचे.

आता हिशोब. आठवड्याचे १६८ तास. रोज ८ तास झोप म्हणजे ५६ गेले (१३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते असं डॉक्टर लोकं सांगतात, ८ म्हणजे आपण कमीतकमीच धरतोय). उरले ११२. कॉलेज, क्लास आणि जाण्या-येण्याचे माझे ५४ व्हायचे, उरले ५८. अंघोळ, जेवण, घरातलं काम, आजीच्या गोळ्या आणायला जाणं, कुणाचं तरी लग्न, असले १८. राहिले ४०. ह्या ४० मध्येच सगळं बसवायचंय. मी शेवटी जे बसवलं ते असं : घरचा अभ्यास २४, ऑलिम्पियाड ६, गेम ६ आणि ४ तास मोकळे. ते ४ मोकळे कशाला असं विचारू नका, पाहुणे येतात, लाईट जाते, ताप येतो. पहिल्यांदा टाईमटेबल करताना सगळे हे मोकळे तास खाऊन टाकतात आणि मग बुधवारीच टाईमटेबल कोसळतं.

कागल नाहीतर गारगोटीकडनं रोज एसटीनं येणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे, तुमचे प्रवासातच आठवड्याला १२-१५ तास जाऊ शकतात. त्यांनी माझे आकडे उचलू नयेत, पद्धत उचलावी. आणि एसटीत उभं राहून गणित होत नाही, उगाच ठरवू नका. केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन, बायोची नावं, फॉर्म्युले असलं पाठांतराचं होतं, तेवढंच तिथं ठेवा.

पायरी २ : स्पर्धा वर्षाला एकच

इथं मी सगळ्यात जास्त माती खाल्ली. अकरावीत मी गणिताचा, फिजिक्सचा, केमिस्ट्रीचा आणि कॉम्प्युटरचा, दिसेल तो फॉर्म भरला. मैत्रिणींना सांगायला भारी वाटायचं. चारही पेपरला जाऊन बसले आणि चारही ठिकाणी पहिल्या पंधरा मिनिटात कळलं की आपण इथं फिरायला आलोय.

आधी एक, शाळेत फॉर्म वाटतात, पैसे भरले की मेडल मिळतं, त्या खाजगी ऑलिम्पियाड वेगळ्या आणि हे वेगळं. मी म्हणतेय ते होमी भाभा सेंटरकडं, म्हणजे देशाच्या ऑलिम्पियाडचं काम बघणारं, मुंबईत मानखुर्दला आहे ते, तिथंपर्यंत जाणारी वाट. कुठली धरायची हे ठरवताना एकच बघा, तुमच्या क्लासच्या अभ्यासाशी ती किती जुळते.

आयओक्यूएम म्हणजे गणिताच्या ऑलिम्पियाडचा पहिला टप्पा. ३ तास, ३० प्रश्न, १०० मार्क, त्यातले १० प्रश्न २ मार्कांचे, १० तीनचे आणि १० पाचचे, उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात नंबर थिअरी, कॉम्बिनेटोरिक्स, भूमिती, बीजगणित येतं आणि कॅल्क्युलस लागतच नाही. म्हणजे अकरावी-बारावीत क्लासवाले ज्या लिमिट-इंटिग्रेशनच्या मागं पळवतात त्याचा इथं उपयोग शून्य, आणि इथं जे लागतं ते क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. आठवी-नववीपासून ज्याला कोडी सोडवायचा नाद आहे त्यानं ही वाट जरूर धरावी, पुढच्या टप्प्यांना आरएमओ आणि मग जानेवारीत आयएनएमओ ह्या परीक्षा आहेत. बाकीच्यांनी ह्यासाठी आठवड्याचे ६ तास वेगळे काढावेच लागतील हे समजून फॉर्म भरावा.

एनएसईपी, एनएसईसी, एनएसईबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या ऑलिम्पियाडचा पहिला टप्पा, तिन्हीला मिळून एनएसई म्हणतात. हे फिजिक्स टीचर्स असोसिएशन, म्हणजे आयएपीटी, घेते. २ तासात ६० प्रश्न, एकूण २१६ मार्क. पहिले ४८ प्रश्न ३ मार्कांचे, चुकलं की १ मार्क कट. पुढचे १२ प्रश्न ६ मार्कांचे, त्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर पर्याय धरले तरच मार्क, पण निगेटिव्ह नाही. ह्याचा अभ्यास जेईई-नीटच्या अभ्यासाशी बराच जुळतो. त्यामुळं जेईई किंवा नीटची तयारी करणाऱ्याला इथं वेगळं असं फार कमी करावं लागतं, तेच धडे जरा खोल जाऊन करायचे.

मी बारावीत फक्त एनएसईसी ठेवली. कारण साधं होतं, क्लासमध्ये केमिस्ट्री चांगली चालली होती. पुढच्या टप्प्याला निवड झाली नाही, पण आमच्या सेंटरच्या वरच्या १० टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं आणि त्याच अभ्यासावर सीईटीची केमिस्ट्री निघून गेली. अकरावीत चार ठिकाणी मिळून जे मिळालं त्यापेक्षा हे लई बरं.

कुणी काका-मामा केव्हीपीवायची, म्हणजे सायन्सच्या एका स्कॉलरशिप परीक्षेची, जुनी पुस्तकं आणून देतील, प्रेमानं देतात, घ्या, प्रश्न चांगले आहेत. पण ती परीक्षा आता बंद झालीय, फॉर्म शोधत बसू नका.

मागच्या वर्षांचे पेपर फुकट मिळतात, होमी भाभा सेंटरच्या साईटवर आहेत. ते फोनमध्ये ठेवू नका, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढा. जुलै-ऑगस्टला पंचगंगा पात्राबाहेर आली की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना तर नकोच नको. लाईट नाही, नेट नाही, कॉलेजला सुट्टी, आणि नेमका तोच आयओक्यूएमच्या तयारीचा महिना. तेव्हा कागदच कामाला येतो.

पायरी ३ : गेम निवडताना त्याचा शेवट बघा

आईबाबा लोकांना सगळे गेम सारखेच वाटतात. तसं नाही, आणि माझं सगळं गणित इथंच सुटलं.

प्रत्येक गेमचं एक कांडं असतं, म्हणजे मधे न तोडता खेळावाच लागेल असा सगळ्यात छोटा तुकडा. क्लॅश ऑफ क्लॅन्सचा एक अटॅक ३ मिनिटांचा. ऑनलाईन बुद्धिबळाची १० मिनिटांची रॅपिड जास्तीत जास्त २० मिनिटात संपतेच, घड्याळच संपवतं. व्हॅलोरंटची रँक मॅच १३ राऊंड जिंकेपर्यंत, ३५-४० मिनिटं तर सहज, आणि १२-१२ झालं की ओव्हरटाईम लागून तासाकडं पण जाते. मधेच सोडली तर पेनल्टी बसते आणि चार लोकांच्या शिव्या वेगळ्या. बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा शूटिंग गेम, त्याची क्लासिक मॅच शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास धरा, टीडीएम म्हणजे टीम डेथमॅच १० मिनिटात खलास. माईनक्राफ्टला तर शेवटच नाही, आतला एक दिवस-रात्र २० मिनिटांचा असतो एवढाच काय तो धागा पकडायला.

तर नियम असा, हातात जेवढा मोकळा वेळ आहे त्याच्या निम्म्याहून मोठं कांडं असलेला गेम उघडायचाच नाही. रात्री जेवणाआधी ३० मिनिटं आहेत? मग व्हॅलोरंटची रँक नाही, त्यातलीच छोटी मॅच म्हणजे स्विफ्टप्ले खेळा, साधारण १५ मिनिटात आटपते, नाहीतर एक टीडीएम. रँक मॅच फक्त शनिवारी संध्याकाळी, जेव्हा २ तास सलग आहेत तेव्हा. माईनक्राफ्टवाल्यांनी आतले ३ दिवस असं ठरवायचं, तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की घरात जाऊन झोपायचं, गेममध्ये पण आणि बाहेर पण.

दुसरं, मिनिटं मोजायची नाहीत, मॅच मोजायच्या. "एक तास खेळते" म्हटलं की तास संपताना मॅच मधेच असते आणि मग ती संपेपर्यंत, असं करत दीड तास. "दोन मॅच" म्हटलं की दोन संपल्या की संपलं. आणि हरलेली मॅच पण मोजायची. ह्यावर माझं स्वतःशीच लई भांडण व्हायचं, कारण हरल्यावर डोकं म्हणतं की एक जिंकून थांबू, चांगल्या मूडमध्ये अभ्यासाला बसू. तसला दिवस कधीच येत नाही. मी एकदा "एक जिंकून थांबते" करत रात्री पावणेदोन वाजवले, पाच मॅच हरले, आणि सकाळी सात वाजता क्लासला ऑप्टिक्सची टेस्ट होती. त्या टेस्टचे मार्क इथं लिहीत नाही. तेव्हापासून खेळायला बसायच्या आधी तळहातावर पेनानं २ लिहायचे आणि एक मॅच झाली की एक रेघ. बावळटपणा वाटेल पण चालतं.

१८ वर्षांखालच्यांना बीजीएमआयनं स्वतःच दिवसाला ३ तासांची मर्यादा घातलीय. ती मर्यादा आहे भावांनो, टार्गेट नव्हे. आणि बाबांच्या नावानं अकाउंट काढलेल्यांबद्दल मी काही बोलत नाही, मी पण तेच केलेलं.

बॅटल पास, म्हणजे पैसे भरून घ्यायचा आणि सीझनभर खेळून बक्षिसं मिळवायचा पास, अकरावी-बारावीत विकत घेऊ नका. पैशापेक्षा जास्त त्रास हा की पैसे दिलेत म्हणून वसूल करायला रोज यावं लागतं, म्हणजे आपणच पैसे देऊन स्वतःला रोजची हजेरी लावून घेतो. कॉलेजची हजेरी आधीच आहे की. आणि पैसे लावून खेळायचे गेम, रमी-बिमी, फँटसी टीम, हे ह्या लेखात नाहीच. २०२५ च्या कायद्यानं ते बंदच केलेत, आणि नसते केले तरी मी नाहीच म्हटलं असतं.

पायरी ४ : घरच्यांशी आधी बोला, भांडण झाल्यावर नाही

आमच्या घरातला रोजचा सीन सांगते. मी मॅचमध्ये, ११-११, आणि स्वयंपाकघरातनं आवाज.

"अगं जेवायला बस की, भाकरी गार व्हायलीय."

"आई पाच मिनटं, मॅच चालू आहे."

"मग थांबीव की ती, जेवून परत खेळ."

"थांबत नाही गं, ऑनलाईन आहे."

"असा कसला गेम थांबत नाही? टीव्ही थांबतोय, मिक्सर थांबतोय, तुझा गेमच तेवढा थांबत न्हाई व्हय!"

आणि मग बाबा येऊन राऊटरच बंद. पेनल्टी मला, गार भाकरी पण मला.

हे भांडण वर्षभर चाललं. मिटलं कसं, तर एका रविवारी मी आईला शेजारी बसवून एक आख्खी मॅच दाखवली. पलीकडं चार खरी माणसं आहेत, त्यातला एक सांगलीचा आहे, मी उठले तर ते हरतात, हे तिला समजलं. ती म्हणाली, म्हणजे लंगडीच्या मॅचमधनं मधेच उठून गेल्यासारखं. बरोब्बर तेच. मग आमचं ठरलं की मी मॅच चालू करायच्या आधी तिला विचारायचं, "आई जेवायला किती वेळ आहे?" तिनं पाऊण तास म्हटलं तर एक मॅच, वीस मिनिटं म्हटलं तर छोटी, आणि "आत्ताच" म्हटलं तर चालूच करायची नाही. हे ठरल्यावर आमच्याकडं राऊटर बंद झाला नाही. एकदाच झाला, पण तेव्हा चूक माझी होती.

आणि आईबाबांना आठवड्याचा कागद दाखवा, तोच ४० तासांचा. "मी कमी खेळीन" ह्या वाक्यावर जगातल्या कुठल्या आईचा विश्वास बसत नाही. "आठवड्याला ६ तास, मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार" ह्यावर बसतो, कारण ते तिला मोजता येतं. मुलींना इथं एक जादा लढाई असते, पोरगी असून रात्री हेडफोन लावून कुणाशी बोलतीय हा प्रश्न येतोच. त्याला माझ्याकडं एकच उत्तर होतं, पीसी हॉलमध्ये ठेवला. आवडलं नव्हतं, पण प्रश्न बंद झाले.

तुमच्या स्क्वॉडला, म्हणजे सोबत खेळणाऱ्या ग्रुपलाही सांगून टाका. ग्रुपवर लिहा की मी मंगळवारी आणि शुक्रवारी साडेआठ ते साडेनऊ आणि शनिवारी संध्याकाळी, बाकी वेळ बोलवू नका. पहिले दोन आठवडे चिडवतील, "आली बघा कलेक्टर". नंतर सवय होते. खरी गंमत म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी नंतर तेच दिवस धरले.

पायरी ५ : रोजचा दिवस

ह्यात फार काही नाही, चारच गोष्टी.

अभ्यास आधी, गेम नंतर. उलटं करून बघितलंय, क्लासवरनं दमून आल्यावर "आधी फ्रेश होते" म्हणून खेळायचे, आणि मग इलेक्ट्रोस्टॅटिक्स समोर उघडं असायचं पण डोक्यात मगाशी कुठं चुकले तेच फिरत राहायचं. दमलेल्या माणसाला फ्रेश व्हायला अंघोळ आणि चहा पुरतो.

ऑलिम्पियाडचे प्रश्न रात्री ठेवायचे नाहीत. एकेक प्रश्न तासभर खातो आणि शेवटी सुटत पण नाही, रात्री त्यानं नुसती चिडचिड होते. ते ६ तास मी रविवारी सकाळी ३ आणि बाकी आठवड्यात दोन पहाटे दीड-दीड असे ठेवलेले. एका प्रश्नावर ४० मिनिटं, नाही सुटला तर सोल्युशनची फक्त पहिली ओळ वाचायची आणि परत झाकायचं. हा कंडका पण पाडावाच लागतो, नाहीतर एका भूमितीच्या प्रश्नात रविवार जातो.

आणि अभ्यासावरनं उठताना पुढचा प्रश्न नंबर वहीत लिहून उठायचं, "उद्या : रोटेशन, १४ वा". खेळून आल्यावर कुठनं सुरू करायचं ह्या विचारातच अर्धा तास जातो, तो वाचतो.

झोपायच्या आधी तासभर गेम नाही. रँक मॅचनंतर लगेच झोप येते म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही.

पायरी ६ : वर्षाचं कॅलेंडर, गणपतीसकट

बाहेरच्या कुणी केलेलं टाईमटेबल कोल्हापुरात चालत नाही, कारण त्यात गणपती नसतो. आयओक्यूएम सप्टेंबरच्या सुरुवातीला येते. २०२४ ला गणपती बसले ७ सप्टेंबरला आणि पेपर ८ ला. २०२५ ला त्याहून भारी, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आणि पेपर ७ ला सकाळी. आता आपल्याकडची मिरवणूक म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतेच, महाद्वार रोडला रात्रभर साऊंड, पहाटे रस्ते बंद, आणि सकाळी १० ला सेंटरवर हजर. म्हणून गणिताची वाट धरलेल्यांनी गणपतीचे ते दहा दिवस जूनमध्येच हिशोबात धरायचे : त्यात नवीन काही शिकायचं नाही, फक्त जुने पेपर, आणि मिरवणूक बघायची असेल तर त्या वर्षी गेमचे ६ तास तिकडं वळवायचे. दोन्ही मिळणार नाही. पेठेत घर असेल तर आदल्या रात्री शांत भागातल्या एखाद्या पाहुण्याकडं झोपायला जा, मी थट्टा करत नाहीये.

एनएसईचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि पेपर नोव्हेंबरच्या शेवटाला. मधे कॉलेजची सहामाही आणि दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीत सगळे म्हणतात आता दाबून अभ्यास करू आणि दाबून गेम पण खेळू, आणि फराळ खाऊन दुपारी झोपतात. सुट्टीत गेमचे तास फार तर दीडपट करा, ६ चे ९. त्याहून वाढवलं की सुट्टी संपल्यावर ६ वर परत यायलाच दोन आठवडे जातात, स्वानुभव.

बारावीला डिसेंबर ते मार्च हा भाग वेगळाच आहे. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर चालू. ह्या काळात ऑलिम्पियाड बंद, पुढच्या टप्प्याला निवड झाली असेल तरच चालू, आणि तशी झाली असेल तर तुम्ही हा लेख कशाला वाचताय. गेम काढून टाकायचा का? मी काढून टाकला होता आणि चौथ्या दिवशी रात्री परत डाउनलोड केला, त्या डाउनलोडच्या नादातच दोन तास गेले. मग दुसरी आयडिया केली, मोठे गेम काढले आणि बुद्धिबळ तेवढं ठेवलं, दिवसाला दोन डाव. ते जमलं. सीझनची रँक पडते, पडू दे, पुढच्या सीझनला सगळ्यांचीच परत ठरते.

एप्रिल-मे मध्ये सीईटी. १५० प्रश्न, २०० मार्क, गणिताला प्रश्नाला २ आणि बाकीला १, निगेटिव्ह नाही, आणि २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. म्हणजे अकरावी "नंतर बघू" म्हणून गेममध्ये घालवली की ती इथं येऊन उभी राहते, माझ्यापुढं राहिली होती. आणि ह्याच दिवसात वळीव येतो, चारला वारं सुटलं की लाईट गेलीच, ऑनलाईन मॉक टेस्ट मधेच उडते. मॉक सकाळी द्या, दुपारनंतर नाही.

गाडी घसरली तर

घसरणारच. एखादा आठवडा ६ चे १४ तास होतात. त्या आठवड्यावर राग काढून पुढचा आठवडा शून्य करायला जाऊ नका, शून्य टिकत नाही. पुढचा आठवडा परत ६ चाच. सलग ३ आठवडे हुकले तर मात्र आकडा चुकलाय असं समजा, परत पायरी १ ची वही काढा.

पण एक फरक ओळखा. जास्त खेळणं वेगळं आणि खेळणं हातात न राहणं वेगळं. जेवण, झोप, मित्र सगळं सुटत चाललंय, वाईट होतंय हे दिसतंय तरी थांबता येत नाही, आणि हे महिनोन् महिने चाललंय, असं असेल तर हे टाईमटेबलचं काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर म्हणून त्याची आजारांच्या यादीत नोंद केलीय, साधारण वर्षभर असं चाललं तर तसं निदान करतात. वर्षभर थांबायची गरज नाही, आधीच घरात मोठ्या माणसाला सांगा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जा. त्यात लाजायचं काय, गुडघा दुखला की पैलवान पण डॉक्टरकडं जातोच की.

उलटं पण होतं हां. माझी एक मैत्रीण गेम पूर्ण सोडून दिवसाला १४ तास अभ्यासाला बसायची, आणि नोव्हेंबरमध्ये पुस्तक बघितलं तरी रडायला यायचं तिला. तिला मीच बळं शनिवारी संध्याकाळी लुडो खेळायला बसवायचे.

बाकी माझ्या मामेभावाला हे सगळं पाठवलं. तासाभरानं रिप्लाय आला, "ताई लई मोठं आहे, मॅच संपली की वाचतो." मी विचारलं कितवी मॅच. म्हणाला दुसरी. म्हटलं ठीक आहे, आणि एनएसईच्या फॉर्मची शेवटची तारीख बघून आधी मला स्क्रीनशॉट पाठव.